नावं कोर्टात सांगू, नोटिशीला नाही

अब्रूनुकसानीची नोटीस आली की आपल्याकडे दोन सल्ले मिळतात. घरची माणसं म्हणतात, माफी माग आणि मोकळा हो, कोर्टकचेरी आपल्याला परवडायची नाही. चळवळीतली माणसं म्हणतात, घाबरतोस काय, जे आहे ते पुराव्यासकट त्यांच्या तोंडावर फेक. पहिल्या सल्ल्यामागे भीती आहे, दुसऱ्यामागे अभिमान. पण फायदा दोन्हींचा नोटीस पाठवणाऱ्यालाच होतो. पहिल्यातून त्याला माफी मिळते, दुसऱ्यातून नावं मिळतात. आणि जातीच्या प्रकरणात त्याला बहुतेक वेळा माफीपेक्षा नावंच हवी असतात.

हा लेख या दोन्ही सल्ल्यांच्या विरोधात आहे. कायदा जे उघड करायला सांगतो ते कोर्टासमोर मुदतीत, शपथेवर आणि पूर्ण उघड करावं. वकिलाच्या नोटिशीला मात्र एकही नाव देऊ नये. आणि कायद्याने आपल्याला जितकं उघडं व्हावं लागतं, तितकंच दावा लावणाऱ्यालाही उघडं व्हायला भाग पाडावं. हा तिसरा भाग आपण कायम विसरतो.

हे लिहायला कारण घडलं. मी बंगळूरला हेब्बाळमध्ये राहून पीएचडीचं काम करते. सोलापूर, नांदेड, कोल्हापूरकडची बरीच मुलंमुली इथे खोल्या करून राहतात. त्यांतल्या एकाने आपल्या जुन्या कॉलेजच्या वसतिगृहाबद्दल फेसबुकवर लिहिलं, की मेसमध्ये ठरावीक मुलांची ताटं वेगळी ठेवतात. हे त्याला सध्या तिथे शिकणाऱ्या तीन विद्यार्थ्यांनी सांगितलं होतं. महिन्याभरात महाराष्ट्रातून नोटीस आली. पोस्ट काढा, जाहीर माफी मागा, नुकसानभरपाई द्या, आणि ही माहिती तुम्हाला कोणी दिली त्यांची नावं व मोबाइल नंबर पंधरा दिवसांत कळवा. त्याने उत्तर टाइप करायला घेतलं होतं, तिन्ही नावांसकट. त्याला वाटत होतं, नावं दडवली तर आपण खोटे ठरू. आमच्या सांगण्यावरून त्याने ते पाठवलं नाही.

त्या तिघांच्या अंतर्गत गुणांपासून वसतिगृहाच्या खोलीपर्यंत सगळं त्याच संस्थेच्या हातात आहे. नोटिशीच्या उत्तरात नावं गेली असती तर खटला उभा राहण्याआधीच साक्षीदार संपले असते. मग 'पुरावा कुठे आहे' असं विचारायला संस्था मोकळी.

तेव्हा पहिली गोष्ट. वकिलाची नोटीस हा कोर्टाचा हुकूम नाही. ते एका पक्षाचं पत्र आहे. तिच्यातल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. अगदीच गप्प बसू नये, कारण पुढे ते गप्प बसणंही कोर्टात दाखवलं जातं. वकिलामार्फत चार ओळींचं उत्तर द्यावं: आरोप मान्य नाहीत, दावा लावल्यास योग्य न्यायालयात बचाव करू. बस्स. आणि नोटीस आल्यावर मोबाइलमधले चॅट, फोटो, रेकॉर्डिंग काहीही पुसू नये. हातातला पुरावा ज्याने दिला नाही किंवा नष्ट केला, त्याच्याविरुद्ध कोर्ट अनुमान काढू शकतं.

दावा कुठे लागेल? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १९ सांगतं की बदनामीसारख्या प्रकरणात वादी, म्हणजे दावा लावणारा, दोनपैकी कुठलंही कोर्ट निवडू शकतो: जिथे नुकसान झालं ते किंवा जिथे प्रतिवादी राहतो ते. कलमाखालीच उदाहरण दिलंय. दिल्लीत राहणाऱ्या माणसाने कलकत्त्यात बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध केला तर दावा कलकत्त्यातही लागतो आणि दिल्लीतही. म्हणजे हेब्बाळच्या खोलीतून केलेल्या पोस्टसाठी महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागू शकतात. रेल्वेचं तिकीट, बुडालेले दिवस, गाइडची नाराजी, हा सगळा दंड निकालाच्या आधीच वसूल होतो.

दावा लागला, समन्स आलं, की मात्र खेळ बदलतो. आता कोर्ट विचारतंय. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते. कारण नोंदवून कोर्ट ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकतं. कैफियतीत 'वादीचे सर्व म्हणणे खोटे आहे' असं एका वाक्यात लिहून भागत नाही. दाव्यातल्या प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर लागतं. जो मुद्दा स्पष्ट नाकारला नाही तो कबूल धरला जातो. गोलमोल नकारही नकार ठरत नाही.

बचाव कोणता, यावर काय उघड करायचं ते ठरतं. 'लिहिलं ते खरं आहे' असा बचाव असेल तर काय घडलं, कधी, कुठे, कोणत्या मेसमध्ये, हे तपशील कैफियतीतच यावे लागतात. नंतर साक्षीत अचानक नवी हकीकत काढता येत नाही. 'हे माझं मत आहे' असा बचाव असेल तर ते मत ज्या घटनांवर उभं आहे त्या दाखवाव्या लागतात आणि त्या खऱ्या असाव्या लागतात. 'मी अधिकृत ठिकाणी तक्रार केली' असा बचाव असेल तर कुणाकडे, कोणत्या नात्याने आणि किती सद्भावनेने, हे सांगावं लागतं. याच कारणाने समितीकडे दिलेला तक्रारअर्ज आणि फेसबुकवरची पोस्ट यांना कायदा एका मापाने मोजत नाही. अर्जाला जास्त संरक्षण आहे. पोस्टच्या आधी अर्ज देऊन त्याची पोच घेणं म्हणूनच शहाणपणाचं.

आता नावांचं. दिवाणी संहितेच्या सहाव्या आदेशाचा दुसरा नियम प्रत्येक पहिल्या पिढीच्या पदवीधराने पाठ करावा असा आहे. कैफियतीत महत्त्वाच्या घटना लिहायच्या असतात, त्या ज्या पुराव्याने सिद्ध करायच्या तो पुरावा लिहायचा नसतो. म्हणजे 'अमुक महिन्यात अमुक मेसमध्ये ताटं वेगळी ठेवली जात होती' हे लिहावं लागेल. 'हे मला अमुक मुलीने सांगितलं' हे त्या टप्प्यावर लिहावं लागत नाही. ज्या कागदांवर बचाव उभा आहे ते कैफियतीसोबत द्यावे लागतात. जो कागद आपल्या ताब्यात नाही तो कुणाच्या ताब्यात आहे हे शक्य तितकं सांगावं लागतं. पण वादीच्या साक्षीदाराच्या उलटतपासणीत दाखवण्यासाठी ठेवलेला कागद आधी दाखल करण्याचं बंधन नाही. आठव्या आदेशात तशी स्पष्ट सूट आहे.

साक्षीदारांची यादी त्यानंतर येते. कोर्टाने वादाचे मुद्दे निश्चित केले की पंधरा दिवसांच्या आत. मधल्या काळात वादी कोर्टाच्या परवानगीने लेखी प्रश्नावली पाठवू शकतो आणि तिची उत्तरं शपथेवर द्यावी लागतात. तिथेही आक्षेप घेता येतो: प्रश्न वादाशी संबंधित नाही, छळासाठी विचारलाय, या टप्प्यावर गैरलागू आहे. आपण आणि आपला वकील यांच्यातला संवाद तर कुणी मागूच शकत नाही, त्याला कायद्याने संरक्षण आहे.

पत्रकारांनी आणि पोर्टलवर लिहिणाऱ्यांनी एका गैरसमजातून बाहेर यावं. 'माझा स्रोत गुप्त ठेवण्याचा मला हक्क आहे' हे भारतात सरसकट खरं नाही. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५ मध्ये स्रोत सांगण्याची सक्ती नाही असं म्हटलंय, पण ते फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजाला लागू आहे. कायदा आयोगाने १९८३ च्या ९३ व्या अहवालात कोर्टासाठीही असं संरक्षण सुचवलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा लिहिण्याआधीच सांगणाऱ्याला विचारावं: उद्या कोर्टात उभं राहावं लागलं तर राहशील का? 'नाही' म्हणाला तर त्याच्या एकट्याच्या शब्दावर कुणाचं नाव घेऊन लिहू नये. त्याला उघडं पाडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

फौजदारी बाजू वेगळी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. इथे तुम्ही आरोपी असता आणि राज्यघटनेचं कलम २०(३) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण अपवादाचा फायदा घ्यायचा तर तो सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते. आणि पहिल्या अपवादात नुसतं सत्य पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. दिवाणी दाव्यात सत्य सिद्ध झालं की बचाव पूर्ण होतो, फौजदारीत मात्र त्याला लोकहिताची जोड लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात हा गुन्हा घटनेला धरून आहे असंच ठरवलं.

पुरावा कच्चा असेल तर काय होतं, हे मराठी मुलखाने १८८२ मध्ये पाहिलंय. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावाच्या पत्रांच्या आधारे 'केसरी' आणि 'मराठा'ने त्यांच्यावर छत्रपती चौथ्या शिवाजींच्या छळाचा आरोप केला. पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि ते डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. त्यांच्या जामिनासाठी दहा हजार रुपये उभे करणारे रामशेठ उरवणे हे जोतीराव फुल्यांच्या गोटातले होते, हे शाळेत कुणी सांगत नाही. तुरुंगातून सुटल्यावर त्या दोघांचं नाव मोठं झालं, आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. आज आपल्यातला कुणी १०१ दिवस आत गेला तर त्याची फेलोशिप जाते, वसतिगृहातली खोली जाते आणि गावाकडे बहिणीचं लग्न मोडतं. दुसऱ्याने दिलेला कागद न तपासता छापण्याची चैन त्यांना परवडली. आपल्याला परवडणार नाही.

पण त्याच पुण्यातलं दुसरं प्रकरण आपल्या कामाचं आहे. दिनकरराव जवळकर यांचं 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर तुटून पडलं. जवळकर, केशवराव जेधे आणि केशवराव बागडे यांच्यावर बदनामीचा खटला झाला. फिर्यादीच्या बाजूने ल. ब. भोपटकर उभे होते, आरोपींच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२६ मध्ये आरोपी सुटले. टिळक आणि चिपळूणकर दोघेही तेव्हा हयात नव्हते. मृताच्या बदनामीबद्दल कायद्याची अट अशी, की मजकुराचा हेतू त्याच्या कुटुंबाच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा असला पाहिजे. म्हणजे अशा खटल्यात पहिला प्रश्न आरोपीला नाही, फिर्यादीलाच पडतो: तुम्ही त्यांचे कोण? तुमचं नेमकं काय दुखावलं?

हाच प्रश्न आपण विचारत नाही. अब्रू गेली म्हणून जो कोर्टात येतो तो स्वतःची अब्रू कोर्टाच्या टेबलावर ठेवतो. ती तपासून पाहण्याचा प्रतिवादीला हक्क आहे. दिवाणी संहितेचा अकरावा आदेश दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे. प्रश्नावली आपणही पाठवू शकतो. कागद उघड करा, हजर करा, पाहू द्या, असे अर्ज आपणही करू शकतो. मेसचं रजिस्टर, वसतिगृहाच्या तक्रारवहीची पानं, यूजीसीच्या २०१२ च्या समता विनियमांप्रमाणे भेदभावविरोधी अधिकारी नेमल्याचं पत्र, त्याच्याकडे आलेल्या तक्रारी, त्यांवरच्या समितीचं इतिवृत्त. हे सगळं संस्थेच्या कपाटात असतं. कोर्टाने हुकूम देऊनही प्रतिवादीने कागद दाखवले नाहीत तर त्याचा बचाव फेटाळला जाऊ शकतो, हे आपल्याला घाबरवायला सांगितलं जातं. त्याच नियमात त्याच्या आधी आहे ते सांगितलं जात नाही: वादीने दाखवले नाहीत तर त्याचा दावाच काढून टाकता येतो.

जातीचा पुरावा कागदावर नसतो, हे समाजशास्त्र शिकणाऱ्या माझ्यासारखीला नव्याने सांगायला नको. ताट वेगळं ठेवायचा लेखी हुकूम कुणी काढत नाही. नजर, आवाज, रांगेतली जागा यांची पावती मिळत नाही. आपल्याकडे माणसांचे शब्द असतात आणि त्यांच्याकडे फायली. कोर्टाची रीत मात्र फायलीला धार्जिणी. म्हणून उघड करण्याचा भार वरवर समान दिसला तरी समान नसतो. त्यांनी फाइल दिली तर एक कागद जातो. आपण नाव दिलं तर एका मुलीचं वर्ष जातं.

संसदेला हे कळत नाही असं नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्तीने आलेल्या कलम १५अ मध्ये साक्षीदाराचं नाव-पत्ता आदेशात आणि नोंदींत न उघडण्याची तरतूद आहे. जातीच्या प्रकरणात नाव उघडं पडणं हाच धोका असतो, हे तिथे कायद्याने मान्य केलंय. पण तीच हकीकत सांगणारा तोच साक्षीदार अब्रूनुकसानीच्या दाव्यात आला की त्याला ते संरक्षण नाही. आपली मागणी इथे असायला हवी: जातिभेदाबद्दल बोलल्यावरून लागलेल्या दाव्यात साक्षीदाराची ओळख न्यायाधीश आणि वकिलांपुरती ठेवा, आणि दावा चालू असेपर्यंत त्या विद्यार्थ्यावर संस्थेने कारवाई करू नये असा आदेश द्या. कायदा बदलेपर्यंत असा अर्ज प्रत्येक प्रकरणात द्यायला काय हरकत आहे? दहा फेटाळले जातील, अकरावा नोंदीत राहील.

काही वेळा तर प्रतिवादीला काही सांगायची संधीच मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये इथल्याच बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने धर्मस्थळ प्रकरणात दुसरी बाजू न ऐकता ८,८४२ लिंक काढायचा हुकूम दिला. १ ऑगस्टला कर्नाटक उच्च न्यायालयाने तो एका यूट्यूब चॅनलच्या याचिकेवर रद्द केला. त्याआधी मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की खटल्याआधीच मजकुरावर बंदी हा अपवाद आहे. बचाव टिकणारच नाही इतकं उघड असेल तरच ती द्यावी. इथे लवकर उघड करणं आपल्या फायद्याचं ठरतं. 'मी लिहिलं ते खरं आहे आणि ते मी सिद्ध करणार आहे' असं तपशीलवार प्रतिज्ञापत्र पहिल्याच तारखेला दाखल झालं तर तोंडबंदी उठवायला जागा होते. आव आणून गप्प बसलेल्याला ती जागा मिळत नाही.

साक्षीदार स्वतःहून उभा राहिला तर काय होतं तेही पाहू. प्रिया रमाणी यांच्यावर एम. जे. अकबर यांनी लावलेल्या फौजदारी खटल्यात गझाला वहाब यांनी स्वतःचा अनुभव कोर्टात सांगितला. १७ फेब्रुवारी २०२१ ला रमाणी निर्दोष सुटल्या. वहाब यांचं नाव कुणी नोटिशीच्या उत्तरात फोडलं नव्हतं. त्यांनी स्वतः ठरवून, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आपल्या तीन विद्यार्थ्यांनाही तोच मान मिळाला पाहिजे.

आता कामाच्या चार गोष्टी. एक, स्क्रीनशॉट हा आपोआप पुरावा होत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखालीही हे प्रमाणपत्र आवश्यक ठरवलं होतं. मूळ चॅट ज्या मोबाइलमध्ये आहे तो विकू नका. दोन, सरकारी किंवा अनुदानित संस्था असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज पोस्टच्या आधी टाका. तीन, वसतिगृहात काही घडलं की त्याच दिवशी तारीख-वेळ घालून लिहून ठेवा, दोन मित्रांच्या सह्या घ्या. चार, विधिसेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, दावा लावायला आणि दाव्यात बचाव करायलाही. काही प्राधिकरणांच्या नियमावल्यांत बदनामीची प्रकरणं वगळलेली आढळतात. तसं सांगून परत पाठवलं तर नकार लेखी मागा. तोंडी नकारावर घरी येऊ नका.

आपल्या आईवडिलांची पिढी कोर्टाच्या पायरीला घाबरली, कारण तिथला कागद त्यांना वाचता येत नव्हता. आपल्याला येतो. पदवीचा उपयोग नोकरीच्या अर्जापुरता ठेवायचा नसेल तर समन्स, कैफियत, शपथपत्र हे शब्द आपल्या अभ्यासमंडळांत, वसतिगृहांत, जयंतीच्या मंडपात शिकवले गेले पाहिजेत. पुढच्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतले पाच हजार काढून एका वकिलाला दोन तास बसवा आणि पोरांकडून एक कैफियत लिहून घ्या. नोटीस आज ना उद्या कुणाच्या तरी दारात येणारच आहे.

जय भीम.